आधी दरज, मग दर्शनी भाग

ब्रिटनमधल्या आधुनिक इमारतींचे फोटो पडद्यावर आले की हमखास एकच वाद सुरू होतो: हे काँक्रीट सुंदर म्हणायचं की कुरूप? आज तो वाद बाजूला ठेवू. चांगला गवंडी भिंत तपासायला आला की आधी दरजांकडे बघतो. दोन वस्तू कुठे भेटतात आणि भेटतात तिथे काय भरलंय, हे त्याला हवं असतं. त्याच नजरेनं सहा इमारती पाहू.

पहिली लेस्टरची. विद्यापीठाची इंजिनिअरिंग इमारत, 1963 मध्ये पूर्ण झालेली. आर्किटेक्ट जेम्स स्टर्लिंग आणि जेम्स गोवन, स्ट्रक्चरल इंजिनिअर फ्रँक न्यूबी. हायड्रॉलिक्सच्या प्रयोगशाळेला पाण्याचा दाब हवा होता, म्हणून टाकी सुमारे 30 मीटर उंचीवर ठेवा, अशी मागणी होती. तीस मीटर पाणी म्हणजे साधारण 3 बार दाब. टाकी इतकी वर न्यायची तर मनोरा आलाच. मग त्यातच कचेऱ्या बसवल्या. मनोऱ्याच्या पायथ्याशी व्याख्यानाची दालनं आधाराविना बाहेर काढली आहेत. वरच्या मजल्यांचं वजन त्यांचा तोल सांभाळतं. ते मजले उतरवले तर हिशेब बिघडेल.

खरी गंमत वर्कशॉपच्या छपरात आहे. यंत्रांवर काम करताना थेट ऊन नको, उत्तरेचा सारखा उजेड हवा. गिरणगावातली करवतीच्या दातांसारखी छपरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण लेस्टरचा प्लॉट उत्तरेला धरून नव्हता. इमारत फिरवणं शक्य नव्हतं, म्हणून छपराच्या काचेच्या रांगाच 45 अंशांत तिरप्या टाकल्या. प्रत्येक रांग भिंतीच्या कडेशी तिरकी कापली गेली आणि तिथे शंकरपाळ्याच्या आकाराची टोकं तयार झाली. इमारतीचा सगळ्यांत देखणा भाग असा एका अडचणीतून निघाला.

त्याची किंमतही तिथेच मोजावी लागली. जितके कोपरे जास्त, तितक्या जोडपट्ट्या जास्त, आणि पाणी शिरायला तितक्या जागा. काच उन्हानं फुगते, थंडीनं आकसते. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी त्याहून जास्त हलते. मधलं सील कडक झालं की गळती ठरलेली. अखेर सुमारे 2,500 काचा बदलाव्या लागल्या. हे काम 2017 मध्ये संपलं. इमारत ‘ग्रेड टू स्टार’ वारसा यादीत आहे, म्हणजे विशेष महत्त्वाची म्हणून कायद्यानं जपलेली, त्यामुळे नवी काच उष्णता अडवणारी हवी, पण पट्ट्या जुन्याच इतक्या बारीक दिसायला हव्यात. असं काम नवं छप्पर घालण्यापेक्षा अवघड असतं.

केंब्रिजच्या इतिहास विभागाची इमारत स्टर्लिंगचीच, 1968 ची. तिथे शेजारची जमीन मिळाली नाही, म्हणून आराखडा 90 अंशांत फिरवला. वाचनालयावरच्या काचेच्या उतारावर सकाळचं ऊन येऊ लागलं आणि खाली बसणारे उन्हाळ्यात भाजून निघाले. बाहेरच्या टाइल सुटू लागल्या, त्या वेगळ्या. आराखडा फिरवला की सूर्य पुन्हा मांडून बघावा लागतो, एवढीच गोष्ट.

आता दरजेनं माणसं मारली ती इमारत. पूर्व लंडनमधलं रोनन पॉइंट, 22 मजले, लार्सन-नील्सन या डॅनिश पद्धतीनं उभारलेलं. भिंती आणि स्लॅब कारखान्यात ओतायचे, क्रेननं उचलून एकावर एक ठेवायचे. कॉलम-बीमचा सांगाडा नाहीच. भिंतच भार घेते. 16 मे 1968 च्या पहाटे अठराव्या मजल्यावर शेगडीच्या जोडातून गळलेल्या गॅसचा स्फोट झाला. स्फोट मोठा नव्हता. पण कोपऱ्यातली भिंत बाहेर ढकलली गेली, वरच्या मजल्यांचा आधार गेला, ते कोसळले आणि त्यांच्या भारानं खालचेही एकामागून एक गेले. चौघांचा मृत्यू झाला. कोसळलेल्या बाजूला दिवाणखाने होते आणि बहुतेक लोक झोपायच्या खोल्यांत होते, म्हणून आकडा तिथेच थांबला.

भिंतीचा पॅनेल बसवताना तो आधी लेव्हलिंगच्या बोल्टवर तोलून धरतात. मग खालच्या फटीत कोरडा, कमी पाण्याचा मॉर्टर (सिमेंट-वाळूचा मसाला) ठोकून भरायचा, म्हणजे भार फटीच्या सबंध लांबीवर पसरतो. हे काम अरुंद जागेत, उंचावर, वाऱ्यात करायचं असतं, आणि पॅनेल बसल्यावर आत काय भरलंय ते कुणालाच दिसत नाही. 1986 मध्ये इमारत फोडून न टाकता सुटी करत उतरवली, तेव्हा कित्येक फटींत मॉर्टर अपुरा निघाला. काही ठिकाणी तर वर्तमानपत्रांचे बोळे होते. भार बोल्टवरच राहिला होता.

त्यानंतर ब्रिटिश नियम बदलले. एक भाग गेला तरी बाकीची इमारत उभी राहिली पाहिजे. तसं जमत नसेल, तर तो भाग चौरस मीटरला 34 किलोन्यूटन दाब सोसणारा हवा. म्हणजे दर चौरस मीटरवर जवळपास साडेतीन टन. बांधकामाच्या कुठल्याही विद्यार्थ्यानं हा आकडा आणि तो का आला, दोन्ही पाठ ठेवावेत.

लॉइड्स या विमा बाजाराची लंडनमधली इमारत, 1986, आर्किटेक्ट रिचर्ड रॉजर्स. इथे जोड लपवलेलेच नाहीत. नळ, जिने, स्वच्छतागृहं, काचेच्या 12 लिफ्ट असं सगळं सहा सेवा-मनोऱ्यांत बाहेर काढलं. जागा वेडीवाकडी होती. मुख्य आयत मध्ये ठेवून उरलेल्या कोपऱ्यांत मनोरे बसवले. विचार पक्का आहे: सांगाडा शंभर वर्षं टिकेल, नळ त्याच्या कितीतरी आधी बदलावे लागतील, तर ते हाताला लागतील असे ठेवा. पण बाहेर ठेवलेल्या वस्तूवर पाऊस पडतो. आत जे कोरडं राहिलं असतं, त्याला इथे आवरण लागतं, आणि ते वर्षानुवर्षं राखावं लागतं. तरी छपवलेल्या गळतीपेक्षा दिसणारी गळती परवडली, असं माझं मत.

उत्तर-आधुनिकांनी, म्हणजे आधुनिक शैलीच्या कडक साधेपणाला कंटाळून जुन्या रूपांशी खेळणाऱ्या आर्किटेक्टांनी, दरजेची थट्टाही केली. स्टर्लिंगच्या जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या कलासंग्रहालयात पार्किंगला हवा हवी होती. भिंतीत भोक पाडलं आणि त्या जागेचे दगड खाली गवतावर पडलेले ठेवले. बघणाऱ्याला लगेच कळतं की दगड पातळ आवरण आहे, भार दुसरंच काही घेतंय.

लंडनचं नंबर वन पोल्ट्री त्याच जातकुळीतलं. जमीनमालक पीटर पालुम्बो यांनी तिथे आधी आधुनिक शैलीचे आर्किटेक्ट मीस व्हान डेर रोह यांचा काचेचा मनोरा आणायचा घाट घातला होता. 1985 मध्ये तो नाकारला गेला. मग स्टर्लिंग आले. ते 1992 मध्ये वारले, इमारत 1997 मध्ये झाली आणि 2016 मध्ये ‘ग्रेड टू स्टार’ यादीत गेली. गुलाबी आणि पिवळसर दगडांचे पट्टे बाहेर, काँक्रीट आत. कधी गेलात तर टोकाच्या निमुळत्या कोपऱ्यात उभे राहून पट्टे कोपऱ्यावर कसे वळतात ते पाहा. लंडनचा पाऊस त्या आडव्या रेषांवरून कसा ओघळतो, हेही पाहा.