हात न टेकता

(नाशिकच्या एका ज्येष्ठ नागरिक संघातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मघाशी चहा आला तेव्हा मी चहाकडे नाही, तुम्ही खुर्चीतून कसे उठता ते बघत होते. पुढच्या रांगेत जवळजवळ सगळ्यांनी हात टेकले. एका काकांनी तर दोन झोके घेतले, तिसऱ्याला उठले. मागचे हसू नका, तुमच्याकडेही तेच चाललं होतं.

आपण म्हणतो, गुडघे गेले. गुडघा दुखतो, त्यामुळे त्याचा बोभाटा होतो. मांडीचे स्नायू मात्र मुकाट झिजतात. तिशीनंतरच ही झीज सुरू होते, साठीनंतर वेग धरते, आणि झटकन ताकद लावणारे तंतू त्यात आधी जातात. म्हणून गंगापूर रोडला सावकाश फेरी मारता येते, पण उंबरठ्याला ठेच लागली की दुसरा पाय वेळेत पुढे पडत नाही. शिवाय तळपायाची जाणीव बोथट होते, मधुमेह असेल तर जास्तच. मग तोल डोळ्यांच्या भरवशावर. रात्री लाइट गेले की बाथरूमच्या वाटेवर भिंत चाचपावी लागते ती त्यामुळेच.

पंचवटीतल्या माझ्या एक पेशंट, वय 80. रोज पहाटे रामकुंडावर जायच्या. पावसाळ्यात ओल्या पायरीवर घसरल्या. नुसता मुका मार लागला, हाड शाबूत. पण मुलानं घाट बंद केला, सून पाण्याचा तांब्याही हातात आणून द्यायला लागली. दोन महिन्यांनी मी गेले तर पलंगावरून उठताना आजी चादर मुठीत आवळत होत्या. पायरीनं एवढं केलं नव्हतं हो! सुनेला मी तसं म्हटलं, तिला रागही आला.

आम्ही पलंगावर जाड गादी घालून बैठक उंच केली आणि तिथून उठबस सुरू केली. जमेल तशी उंची कमी केली. ‘आता या वयात काय?’ हा आजींचा रोजचा प्रश्न. बोस्टनला 1990 साली 86 ते 96 वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं होतं. त्यातले नऊ जण शेवटपर्यंत टिकले, त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्के वाढली. आजींना टक्केवारीत रस नव्हता. चादर सुटली तेव्हा पटलं.

आता खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी. 30 सेकंदांत पूर्ण उभं राहून बसणं किती वेळा होतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या वयात बायकांचं 10 पेक्षा कमी, पुरुषांचं 12 पेक्षा कमी भरलं, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. उठताना चक्कर येते किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय त्यांनी फक्त मोजायचं. शेजारच्यानं जवळ उभं राहायचं, धरायचं मात्र नाही.

तयार? काका, या वेळी झोका नको.