गाडी जिथे झोपते, तिथे वीज

(कोथरूडमध्ये गृहनिर्माण सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या सोसायटीचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आहात. तुमच्याकडे कधी ना कधी एक अर्ज आलाच असेल, नसेल तर येईल: 'मी इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे, पार्किंगमध्ये प्लग लावायची परवानगी मिळावी.' २०२२ च्या जूनमध्ये मी तो अर्ज आमच्या सोसायटीत दिला. मंजुरी मिळायला सतरा महिने लागले. त्या सतरा महिन्यांत गाडी कशी चालवली, ते आधी सांगते. नाहीतर एका प्लगसाठी मी एवढी का भांडले, हे तुम्हाला कळायचं नाही.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते. कोथरूडहून पिंपरीला जाऊन-येऊन रोजचे चाळीस किलोमीटर. गाडीची बॅटरी ३० युनिटची, म्हणजे पुण्याच्या रहदारीत एसी लावून १८०-१९० किलोमीटर. आठवड्यातून दोनदा चार्जिंग करावंच लागे. रविवारी पहाटे साडेपाचला उठून चार किलोमीटरवरच्या फास्ट चार्जरवर जायचं, कारण सातनंतर तिथे टॅक्सीवाल्यांची रांग लागते. ऐंशी टक्क्यांपर्यंत तासभर. त्यानंतर बॅटरी स्वतःच वेग कमी करते, म्हणून तिथेच थांबून राहणं मागच्या माणसावर अन्याय. दुसरी खेप बुधवारी संध्याकाळी, दमून आल्यावर. फोनमध्ये पाच कंपन्यांची पाच ॲप, प्रत्येकात थोडे थोडे पैसे अडकलेले.

२०२३ च्या जुलैमधली एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. धो धो पाऊस, बॅटरी अकरा टक्के. पहिल्या ठिकाणी चार्जरचा पडदा काळा. दुसऱ्या ठिकाणी चार्जर चालू, पण त्याच्यापुढे पेट्रोलची गाडी लावून कोणीतरी निघून गेलेलं. तिसरं ठिकाण हायवेलगतच्या हॉटेलचं. तिथे पोचले तेव्हा चार टक्के उरले होते. घरी साडेअकरा वाजले. सासूबाई जेवायच्या थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अगं, घरात वीज असताना तू वीज शोधत गावभर का फिरतेस?"

माझं लहानपण चाळीत गेलं. खाली एक नळ आणि पहाटे चारपासून हंड्यांची रांग. नळ घरात आला त्या दिवशी आई रडली होती. घरी चार्जिंग नसलेला गाडीवाला असाच हंडा घेऊन फिरत असतो. रस्त्यावर फास्ट चार्जर हवेतच, नाशिकला, कोल्हापूरला जायचं तर त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. पण रोजचं पाणी कोणी टँकरवर भागवत नाही.

आता हिशेब करू. तुम्ही कमिटीवर आहात, तुम्हाला हिशेबच पटेल.

चाळीस किलोमीटरला साधारण सहा युनिट लागतात. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून प्लगमधून सात धरा. गीझरला असतो तसला १५ अँपियरचा प्लग तासाला जेमतेम तीन युनिट देतो. म्हणजे रोजची गरज सव्वादोन-अडीच तासांत भागते. गाडी रात्री नऊ-दहा तास उभीच असते. भिंतीवरचा मोठा चार्जर नको, फास्ट चार्जर तर नकोच. गाडी जिथे झोपते तिथे एक साधा, पण नीट बसवलेला प्लग हवा. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकीचं बोलणं 'नीट बसवलेला' या दोन शब्दांबद्दल.

आमच्या कमिटीचा पहिला आक्षेप लोडचा होता: "उद्या दहा गाड्या आल्या तर ट्रान्सफॉर्मर उडेल." दहा गाड्या एकाच वेळी लावल्या तर तीस किलोवॅट, म्हणजे तासाला तीस युनिट होतात, हे खरं. पण दहा गाड्यांना रात्रभरात मिळून लागतात सत्तर युनिट. रात्रीच्या नऊ तासांत ते वाटले तर आठ किलोवॅटही पुरतात. साडेसात अश्वशक्तीची लिफ्ट आणि तीन अश्वशक्तीचा पंप एकत्र चालले की एवढंच होतं, आणि ते तर रोज चालतात. म्हणजे प्रश्न विजेचा नाही, पाळी लावण्याचा आहे. पाळी लावणं आपल्या सोसायट्यांना शिकवावं लागत नाही.

दुसरा आक्षेप आगीचा. त्याला मी हसून उडवलं नाही, तुम्हीही उडवू नका. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, त्यातली एक इथे लोहगावात. लोकांनी ते व्हिडिओ पाहिले होते. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. पण पार्किंगमधला जो धोका मी स्वतः हाताळला आहे, तो बॅटरीत नव्हता, वायरीत होता. परवानगी नाही मिळाली की माणूस काय करतो? तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडतो. इस्त्री तापली की थर्मोस्टॅट वीज तोडतो, रिकामी झालेली गाडी मात्र सलग आठ-आठ तास तेवढीच वीज ओढत राहते. स्वस्तातला सॉकेट त्याने वितळतो. आमच्याच सोसायटीतला काळा पडलेला एक सॉकेट मी सर्वसाधारण सभेत सगळ्यांच्या हातांतून फिरवला. ज्याच्या घरातला तो होता, त्याच्यावर मी रागावले नाही. त्याला तसं करायला आपणच भाग पाडलं होतं. नकार दिल्याने गाड्या थांबत नाहीत, त्या फक्त आपल्या नजरेआड चार्ज होऊ लागतात.

मग काय हवं? चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येक प्लगला स्वतंत्र एमसीबी (वीज जास्त ओढली गेली की तोडणारा स्विच), ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच), औद्योगिक प्रतीचा सॉकेट आणि अर्थिंग, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी. अर्थिंगवर थोडं थांबते. आमची इमारत १९९४ ची. चाचणीसाठी चार्जर लावला तर लाल दिवा, गाडी वीज घेईचना. न्यूट्रल आणि अर्थ या दोन वायरींमध्ये मोजलं तर विजेचा दाब नको तेवढा. मग अर्थिंगचा खड्डा शोधायला निघालो, तर तो कोणालाच माहीत नव्हता. आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना तो गाडला गेला होता! जुन्या वॉचमनकाकांनी जागा दाखवली. नवा खड्डा केला, मीठ-कोळसा भरला, पट्टी टाकली. तळमजल्यावरच्या आजींना फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या यायच्या, त्या त्याच दिवशी थांबल्या. गाडीने दाखवलं नसतं तर तो दोष तसाच राहिला असता. तुमच्या इमारतीला वीस वर्षं झाली असतील तर गाडी असो वा नसो, अर्थिंग मोजून घ्या. हात जोडून सांगते.

खरी गाठ मात्र तिसऱ्या आक्षेपात होती: "पार्किंग तुमचं नाही." आणि तो आक्षेप बरोबर होता. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं पार्किंग बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० ला नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलं. आमच्याकडे चोवीस फ्लॅट आणि सोळा जागा, म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून सोडत होते. माझ्या मीटरपासून माझ्या जागेपर्यंत मी वायर ओढली आणि पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्याला गेली, तर? केंद्र सरकारच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घराच्या आहे त्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. तो कागद मी कमिटीपुढे ठेवला. पण कागद वीज वापरायची मुभा देतो, भिंत देत नाही.

माझी भाची म्युनिकला असते. जर्मनीने १ डिसेंबर २०२० पासून सामाईक इमारतीतल्या प्रत्येक फ्लॅटमालकाला चार्जिंगची सोय मागण्याचा हक्क दिला आहे. मला आधी वाटायचं, आपल्यालाही असाच कायदा हवा. आजही वाटतं. पण एकेकाच्या हक्काने आमचा गुंता सुटला नसता. चोवीस मीटरपासून चोवीस वायरी निघाल्या असत्या आणि दर सोडतीला त्यांची अदलाबदल करावी लागली असती. हे लक्षात आलं तेव्हा मी माझा अर्ज मागे घेतला आणि नवा दिला. त्यात 'मला प्लग हवा' असं नव्हतं. 'सोसायटीने सगळ्या सोळा जागांपर्यंत स्वतःची लाइन न्यावी' असं होतं. ही अक्कल मला पहिल्या दिवशी आली असती तर वर्ष वाचलं असतं.

त्या सभेत एक निवृत्त काका उठले. म्हणाले, "माझ्याकडे सायकल आहे. मी पैसे का भरू?" प्रश्न रास्त होता. उत्तर मी दिलं नाही, तळमजल्यावरच्या आजींनी दिलं: "मी लिफ्टने कधी जात नाही, तरी तीस वर्षं लिफ्टचे पैसे भरते आहे." मग ठरलं ते असं. मुख्य केबल आणि पॅनेल सगळ्यांचं, प्लग आणि सबमीटर वापरणाऱ्याचं, युनिटचे पैसे ज्याचे त्याने.

सोसायटीच्या नावाने महावितरणकडून वाहन चार्जिंगच्या वर्गवारीतली वेगळी थ्री फेज जोडणी घेतली, दहा किलोवॅटची. वेगळी का? महिन्याला दोनशे युनिट गाडी खाते. दीडशे युनिटचं घर त्याने तीनशेच्या पुढच्या स्लॅबमध्ये जातं आणि बिल नको तितकं वाढतं. बाहेरच्या चार्जरवर तर दर चढा असतोच, वर १८ टक्के जीएसटी. पॅनेलमध्ये एक कंट्रोलर आहे, तो एका वेळी तीनच प्लग चालू ठेवतो आणि पाळी फिरवतो. आता पाच गाड्या आहेत. सकाळी कोणाची गाडी रिकामी राहिली, असं अजून झालेलं नाही.

एक गोष्ट आम्ही अजून सोडवलेली नाही. भाडेकरूंना सभेत मत नाही आणि सोडतीत जागा नाही. दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा कामासाठी इलेक्ट्रिक स्कूटर चालवतो, त्याच्या घरमालकाची जागा दुसऱ्याच गाडीने अडवलेली. मीटर रूमच्या बाहेर दुचाकींसाठी दोन प्लग काढावेत, असा अर्ज मी गेल्या आठवड्यात दिला आहे. कमिटीवर आता मीही आहे, त्यामुळे अर्जदार आणि उत्तर देणारी, दोन्ही मीच.

या वर्षीच्या सोडतीत माझ्या चिठ्ठीवर कंपाउंडच्या भिंतीलगतची उघडी जागा निघाली, सगळ्यात लांबची. पहिल्या रात्री पाऊस होता. छत्री धरून गेले, प्लगचं झाकण उघडलं, गाडी लावली आणि वर येऊन सासूबाईंबरोबर जेवले.