दारात आलेला वसुलीवाला आणि घरातले सामान

श्रोतेहो, नमस्कार. क्रेडिट कार्डाची थकबाकी काही महिने साचली की वसुलीवाले घरी येऊ लागतात, आणि त्यांच्यातला एखादा उंबऱ्यात उभा राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "उद्या टेम्पो आणतो, फ्रिज आणि टीव्ही रिकामे करून ठेवा," असे बजावून जातो. या धमकीला कायद्याचा आधार नाही. कार्डाचे कर्ज सहसा विनातारण असते, म्हणजे घरातली वस्तू बँकेकडे गहाण नसते. त्यामुळे न्यायालयाच्या आदेशाशिवाय साधा चमचा उचलण्याचाही अधिकार बँकेला नाही, मग तिच्या एजंटाला तो कुठून येणार? सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करू नयेत, कर्जदाराचा चारचौघांत पाणउतारा करू नये आणि त्याच्या नातेवाइकांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावले आहे. तसे घडल्यास प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि 30 दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

खरी जप्ती वेगळ्या वाटेने येते. बँक दिवाणी न्यायालयात दावा लावते किंवा लवादाकडे, म्हणजे न्यायालयाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचाकडे, जाते, तिच्या बाजूने निकाल झाला की वसुलीची दरखास्त, म्हणजे त्या निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल होते, आणि त्यानंतरच न्यायालयाचे हुकूम बजावणारा कर्मचारी, म्हणजे बेलिफ, जप्तीचे वॉरंट घेऊन दारात येतो. ते वॉरंट हातात घेऊन वाचावे: त्यावर न्यायालयाचा शिक्का, तारीख आणि ते किती तारखेपर्यंत बजावायचे हे लिहिलेले असते. बेलिफालाही सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही.

आणि आत आल्यावरही तो सगळेच नेऊ शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 60 नुसार ऋणको (म्हणजे ज्याच्याविरुद्ध निकाल झाला तो कर्जदार), त्याची पत्नी आणि मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा आणि अंथरूण-पांघरूण यांना जप्तीतून सूट आहे. धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही त्यात येतात, आणि कारागिराची हत्यारेसुद्धा. शिंप्याचे शिलाई यंत्र किंवा सुताराचा रंधा ही त्याच्या पोटापाण्याची साधने आहेत. टीव्ही आणि सोफा मात्र या यादीत नाहीत, हे ऐकायला कडू असले तरी आधीच माहीत असलेले बरे.

जप्ती ऋणकोच्याच मालमत्तेवर येते. कार्ड मुलाचे आणि फ्रिज आईने स्वतःच्या पैशांनी घेतलेला असेल, तर आईला त्याच न्यायालयात हरकत घेता येते. त्या वेळी आईच्या नावाची पावती उपयोगी पडते, म्हणून जुन्या पावत्या रद्दीत घालू नयेत. दाव्याची कुणकुण लागताच सामान मेव्हण्याच्या घरी हलवण्याचा सल्ला देणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये, कारण वसुली चुकवण्यासाठी वस्तू हलवल्या जात आहेत असे दिसल्यास न्यायालय निकालाआधीच जप्तीचा आदेश देऊ शकते.

माझ्या मते मोठा धोका एजंटापेक्षा न्यायालयाच्या समन्सचा असतो. ओरडणाऱ्या माणसाला घाबरून लोक पैसे उसने काढतात आणि समन्स मात्र न वाचताच कपाटावर ठेवून देतात. समन्स बजावल्यापासून साधारणपणे 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपले लेखी उत्तर, द्यावी लागते; हजरच राहिले नाही, तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे आपली बाजू न ऐकताच निकाल, होतो आणि चढवलेले व्याज किंवा चुकीची रक्कम यावर बोलण्याची संधी हातची जाते. वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी तेथे मोफत वकील मिळू शकतो, आणि लोकअदालतीत तडजोड करायची झाल्यास ठरलेली रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि उरलेली बाकी माफ झाल्याचा मजकूर हे सर्व कागदावर आल्याशिवाय सही करू नये.