बाई ‘बघा’ म्हणाल्या

मोठ्या रस्त्यापासून मैलभर आत, कच्च्या वाटेच्या टोकाला एकाकी घर. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना, साठचं दशक. घरात ६६ वर्षांची कृष्णवर्णीय विधवा आजी आणि काही लहान मुलं. दारात चार गोरे पोलीस: शेरीफ, त्याचे दोन डेप्युटी, राज्याचा एक तपास अधिकारी.

“तुमच्या घराच्या झडतीचं वॉरंट आहे.”

“बघा,” म्हणत आजींनी दार उघडलं. स्वयंपाकघरात रायफल सापडली आणि नातवाविरुद्धच्या बलात्काराच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाली.

गंमत पुढे आहे. कोर्टात सरकारी वकिलांनी वॉरंट पुढे केलंच नाही. म्हणाले, बाईंनी परवानगी दिली होती की! आजीही साक्षीत म्हणाल्या, मी राजीखुशीने बघू दिलं, कुणी जबरदस्ती केली नाही; पोरगा निर्दोष आहे असं मला वाटत होतं. पण हेही म्हणाल्या, वॉरंट आहे म्हणाले, मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

मग ही राजीखुशी धरायची का?

१९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. ‘वॉरंट आहे’ म्हणणं म्हणजे ‘तुम्हाला अडवता येणार नाही’ असंच सांगणं. दडपणाखाली संमती नसते. नातवाला झालेली शिक्षा रद्द झाली. न्यायमूर्ती ब्लॅक यांना मात्र आजींची संमती खरीच वाटली. साक्षीतली वाक्यं पाहता त्यांना अगदीच चूक म्हणवत नाही.

पण ‘नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे’ एवढं तरी पोलिसांनी सांगायला हवं ना? १९७३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, तशी सक्ती नाही. माहीत नसलेला हक्क वापरायचा कसा, हे कोडं तिथेच राहिलं.

आणि घरात दोघं असतील तर? जॉर्जियात बायको ‘या’ म्हणाली, दारातच उभा असलेला नवरा ‘नाही’ म्हणाला. २००६ चा निकाल नवऱ्याच्या बाजूने. २०१४ मध्ये मात्र ठरलं, की नकार देणाऱ्याला पोलिसांनी रीतसर अटक करून नेलं, तर मागे राहिलेल्याचा होकार पुरतो. म्हणजे ‘नाही’ला वजन आहे, तुम्ही दारात उभे आहात तोवर.

सिएटल परिसरातल्या आपल्या मंडळींसाठी नियम वेगळा. वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयाने १९९८ मध्ये बजावलं: वॉरंटशिवाय झडतीची परवानगी मागायला आलात, तर उंबरा ओलांडण्याआधी सांगा, की घरात राहणारा नकार देऊ शकतो, काही खोल्यांपुरतीच परवानगी देऊ शकतो आणि मध्येच ती मागेही घेऊ शकतो.