स्टुडिओतले रान

श्रोतेहो, नमस्कार.

पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांच्या 1885 सालच्या एका छायाचित्राविषयी आज बोलायचे आहे. हरणाच्या कातड्याचा झालरी लोंबणारा पोशाख, हातात विंचेस्टर रायफल आणि कमरेला शिकारी सुरा, अशा थाटात 26 वर्षांचा हा रँचमालक, म्हणजे गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण कुरणाचा मालक, आपल्यासमोर उभा आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डाकोटा प्रदेशातल्या कुरणातच कुणी त्यांना टिपले असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु मागचे रान पडद्यावर रंगवलेले आहे, पायाखालचे गवत बनावट आहे आणि हे सारे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जमवून आणलेले आहे.

सुऱ्याकडे जरा निरखून पाहावे. त्याची नक्षीदार चांदीची मूठ टिफनी या न्यूयॉर्कच्या नामांकित जवाहिऱ्यांकडची आहे. गुरांमागे हिंडणाऱ्याला असली मूठ कशाला हवी, हा प्रश्न डाकोटातल्या कुणालाही पडला असता. दुसरी गंमत चेहऱ्यावर आहे. रूझवेल्ट यांची दृष्टी लहानपणापासून अधू होती आणि चष्म्यावरून गुराखी त्यांना ‘चार डोळ्यांचा’ म्हणून चिडवत. छायाचित्रात मात्र चष्मा नाही. त्या अवस्थेत रायफलीचा नेम कुठे लागला असता, देव जाणे!

तरीही या चित्राला निव्वळ सोंग म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तो पोशाख त्यांनी डाकोटातच एका बाईंकडून शिवून घेतला होता. 1883 मध्ये गव्याच्या शिकारीसाठी तिकडे गेले असता त्यांनी माल्टीज क्रॉस रँचमध्ये 14,000 डॉलर गुंतवले. 14 फेब्रुवारी 1884 रोजी एकाच घरात त्यांची आई आणि पत्नी दोघीही वारल्या, तेव्हा राजकारणाकडे पाठ फिरवून ते पुन्हा तिथेच गेले आणि मेडोरा गावाच्या उत्तरेस सुमारे 55 किलोमीटरवर त्यांनी एल्कहॉर्न ही दुसरी रँच उभारली. ज्या वर्षी हे छायाचित्र निघाले, त्याच वर्षीच्या वसंतात मोकाट चरणारी गुरे हुडकून एकत्र करण्याच्या मोहिमेत, इतर गुराख्यांच्या बरोबरीने, त्यांनी दिवसदिवस घोड्यावर काढले होते.

धंदा मात्र टिकला नाही. 1886-87 च्या भयंकर हिवाळ्यात त्यांची निम्म्याहून अधिक गुरे दगावली आणि 1898 पर्यंत त्यांनी उरलासुरला हिस्साही विकून टाकला.