सहा खाचांची मंडळी

[दृश्य: पुदिन्याची फांदी, अगदी जवळून]

पुदिन्याचा देठ चिमटीत धरून फिरवा. गरगर फिरत नाही, अडखळतो. बोटांना चार कडा लागतात. प्रत्येक कडेला जाड भिंतींच्या पेशींचा पट्टा असतो, त्याच्या जोरावर हा लवलवता देठ उभा राहतो. पानं समोरासमोर, जोडीनं. खालची जोडी पूर्व-पश्चिम असेल, तर वरची दक्षिणोत्तर.

पण एवढ्यावरून 'तुलसी कुल', म्हणजे तुळस-पुदिन्याचं कूळ, असा शिक्का मारू नका. चौकोनी देठ दुसऱ्या कुळांतही सापडतात. खरी ओळख फुलात आहे. पाकळ्या जुळून झालेली नळी आणि तिच्या तोंडाशी बहुधा दोन ओठ. लॅटिनमध्ये ओठाला लॅबियम म्हणतात, म्हणून कुळाचं जुनं नाव लॅबिएटी. आज लॅमिएसी म्हणतात, पण जुनं नावही नियमानं चालतं. फूल गळल्यावर मागं उरलेल्या हिरव्या पेल्यात डोकावलं, तर तळाशी चार टणक दाणे दिसतात. सब्जाचं बी म्हणतात ते हेच. काटेकोर बोलायचं तर ते बी नव्हे, फळाचा चौथा हिस्सा.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पान]

आणि वास? तो पानाच्या अंगावर असतो. ही चकाकणारी टिंबं पाहा. एकेक टिंब म्हणजे आखूड देठावर बसलेली पेशींची चकती. पुदिन्यात आठ पेशींची, सब्जात चार पेशींची. पेशी तेल तयार करतात आणि ते वरच्या पातळ पापुद्र्याखाली साठतं. पापुद्रा फोडासारखा फुगतो. पान चुरगळलं की फोड फुटतात आणि वास आपल्या नाकापर्यंत पोचतो.

वासाच्या भरवशावर वर्गीकरण करायला गेलं, तर मात्र फजिती ठरलेली. स्पिअरमिंट आणि पेपरमिंट हे दोन पुदिने, पण दोघांच्या वासाची सुरुवात लिमोनीन या एकाच रेणूपासून. त्यावर ऑक्सिजन एका जागी बसला तर वाट स्पिअरमिंटच्या कार्व्होनकडे जाते, दुसऱ्या जागी बसला तर पेपरमिंटच्या मेंथॉलकडे. आणि ही पेपरमिंट स्वतंत्र जाती नाहीच. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये तिला जातीचं नाव दिलं खरं, पण ती निघाली पाणपुदिना आणि स्पिअरमिंट यांचा संकर. बी सहसा धरत नाही, धुमाऱ्यांवरच पसरते. उलट, मेक्सिकन ओरेगॅनोला ओरेगॅनोचा वास आहे, पण तो आहे टणटणीच्या कुळातला.

टणटणीच्या कुळातून शास्त्रज्ञांनी इकडे, तुलसी कुलात, आणलेलेही आहेत. निर्गुडी आणि चक्क साग! वीस-तीस मीटर उंच वृक्ष पुदिन्याचा भाऊबंद म्हणायचा, हे पहिल्यांदा ऐकताना पचत नाही. तुलसी कुलात सात हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि त्यांतल्या कितीतरींना सांगण्यासारखा वासच नाही.

[दृश्य: परागकण, खूप मोठे करून]

या गर्दीत सुगंधी मंडळी वेगळी काढता येतात का? येतात, पण नाकानं नव्हे. 1945 मध्ये स्वीडनचे परागशास्त्रज्ञ गुनार एर्टमन यांनी या कुळाचे परागकण तपासून दोन गट पाडले. एका गटात कणावर बहुधा तीन खाचा, दुसऱ्यात सहा. तीन खाचांच्या बाजूला दीपमाळ आणि तुंबा. सहा खाचांच्या बाजूला पुदिना, तुळस, थाइम, ओरेगॅनो, लव्हेंडर, सेज, रोझमेरी. म्हणजे जवळजवळ सगळी घमघमणारी मंडळी एका बाजूला! पुढं डीएनएच्या तपासणीतही सहा खाचांचा गट एकाच पूर्वजाचा ठरला. त्याला नेपेटॉइडी हे उपकुल म्हणतात.

[दृश्य: सेजच्या फुलावर मधमाशी]

सेजच्या फुलात पुंकेसर दोनच, आणि अनेक जातींत ते तरफेसारखे. मधमाशी मधासाठी डोकं आत खुपसते, तरफेचं खालचं टोक ढकललं जातं आणि वरचं टोक तिच्या पाठीवर टेकून पराग फासतं.

रोझमेरीच्या फुलातही पुंकेसर दोनच. तरी कितीतरी वर्षं तिचा संसार वेगळा होता, रोझमेरिनस या स्वतंत्र प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात. डीएनएनं दाखवलं की ती सेजच्याच गोतावळ्याच्या मधोमध बसते. 2017 मध्ये तिचं नाव बदलण्याचा प्रस्ताव आला: साल्व्हिया, म्हणजे सेजच्या प्रजातीचं नाव, लावून साल्व्हिया रोझमेरिनस. कुंडीवरच्या चिठ्ठ्यांवर अजूनही बऱ्याचदा जुनंच नाव दिसतं.