तळघरातली लिंकन

नमस्कार श्रोतेहो. आजची गाडी फोर्ड कंपनीची, १९६१ सालची लिंकन कॉन्टिनेंटल. तिच्या जन्माचा किस्सा माझा फार लाडका, तेव्हा बाकीची माहिती थोडक्यात घेऊ.

त्याआधीची, १९५८ ची लिंकन म्हणजे एकोणीस फुटांहून लांब धूड. तिरके दिवे, जिकडेतिकडे क्रोम. खप बसला, तोटा वाढला. फोर्डच्या मोटारींचा कारभार तेव्हा रॉबर्ट मॅक्नमारा पाहत. हो, तेच, पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळातले संरक्षणमंत्री. लिंकन बंदच करावी, असं त्यांच्या मनात घोळत होतं.

आता किस्सा. डिअरबॉर्नला फोर्डच्या डिझाइन केंद्राच्या तळघरात एक अरुंद खोली होती. तिथे एलवूड एंगल आणि त्यांचे सहकारी मातीचा नमुना घडवत होते. लिंकनचा नव्हे हं! फोर्डच्याच दोन दारांच्या थंडरबर्ड गाडीचा. पण थंडरबर्डसाठी पसंती मिळाली दुसऱ्याच नमुन्याला. हा राहिला तळघरात. मॅक्नमारांची नजर त्याच्यावर पडली. सरळ रेषा, सपाट अंग, नक्षी जवळजवळ नाहीच. त्यांनी विचारलं, हिला चार दारं करता येतील का? झालं! थंडरबर्ड म्हणून मागे पडलेली गाडी लिंकन म्हणून पास झाली. हिशेबी माणसाला सौंदर्य कळत नाही म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा आवर्जून ऐकवतो. आणि आजच्या महागड्या गाड्या बघा, पुढची जाळी सगळी दात विचकल्यासारखी! असो.

नवी लिंकन १९६० च्या लिंकनपेक्षा सव्वा फुटाने आखूड झाली. सव्वा फूट! मागून उतरायची वाट अडचणीची झाली. नमुन्यातून उतरताना इंजिनिअरांचे बूट मागच्या दारावर आपटायचे. म्हणून त्या दाराच्या बिजागऱ्या मागे नेल्या. वाड्याच्या दरवाजाची दोन्ही दारं उघडावीत, तशी एका बाजूची दोन दारं उघडायची. चालत्या गाडीत असं दार नीट लागलेलं नसेल तर वारा ते आणखी उघडणार, म्हणून डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा दिला.

प्रत्येक इंजिन आधी तीन तास चालवून तपासत. हमी दोन वर्षांची किंवा २४,००० मैलांची. चार दारांची उघडझाप टपाची गाडीही निघाली. टप उघडला की तो डिकीत जाऊन बसायचा, मग सामान ठेवा मांडीवर!

हाच घाट थोड्याफार बदलांनी १९६९ पर्यंत चालला. २०१९ मध्ये लिंकनने कॉन्टिनेंटलच्या ८० वर्षांनिमित्त तशीच उलट्या दारांची गाडी पुन्हा काढली. त्या वर्षी संख्याही तेवढीच, ८०.